सन्मती मगदूम यांची मावशी

“तुम्ही लिहिलं होतं, एरर नीट वाचा. म्हणून पाठच केली,” सन्मती मगदूम म्हणाले आणि बसल्या जागी सुरूच झाले. “टोनब्रिज स्लॅश टोनब्रिज डॉट एच, नो सच फाईल ऑर डिरेक्टरी. ही पहिली ओळ. दुसरी...”

“पुरे,” मी म्हटलं. “सरका जरा, मला बसू दे.”

ते सरकले. मिरजेतलं दोन खोल्यांचं घर, खिडकीशी शाळेने घरी दिलेला कॉम्प्युटर, त्याला खेटून पेटी, आणि रविवार वाया गेल्याचा राग डोक्यात घेऊन सांगलीहून आलेली मी.

मगदूम सर आमच्याच संस्थेच्या शाळेत संगीत शिकवायचे. अकरा वर्षं शिकवत होते, आणि दर जूनमध्ये नवं नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत आपण शिक्षक आहोत की नाही हे त्यांना ठाऊक नसायचं. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. मी त्याच संस्थेच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिस्टीम ॲडमिन होते. तिशीची होते, आणि लिनक्समधलं आपल्याला येत नाही असं काही शिल्लक नाही अशी माझी पक्की समजूत होती. ‘देशिंगकर मॅडमना काही विचारायला जाऊ नका, अपमान करून घ्याल,’ असं कॉलेजात माझ्याबद्दल म्हणायचे. ते माझ्या कानावर आलं होतं आणि मला ते कौतुक वाटलं होतं.

बुधवारी त्यांची मेल आली होती. रेकॉर्डिंगचं एक सॉफ्टवेअर बसत नाही, खाली सगळ्या एरर जोडल्या आहेत. जोडल्या होत्या म्हणजे काय, चारशे ओळी ओतल्या होत्या. मी तीन शब्दांत उत्तर दिलं: ‘एरर नीट वाचा.’ असली उत्तरं द्यायला मला तेव्हा फार आवडायचं. समोरचा खजील होतो आणि आपल्याला काही करावं लागत नाही.

पण शनिवारी मुख्याध्यापकांचा फोन आला. सोमवारी सकाळी अकरा वाजता संगीत शिक्षकाच्या कायम जागेची निवड होती. मगदूम सर आणि कोल्हापूरचे कुणी एक, असे दोघेच उमेदवार. आणि संस्थेचे अध्यक्ष आरगे यांनी एक अट घातली होती. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर असतं, तर उमेदवाराने समितीसमोर दोन ट्रॅकचं रेकॉर्डिंग करून दाखवावं, आणि तेही कुणाच्या मदतीशिवाय. आरगे स्वतः मोबाईल ड्रायव्हरकडून लावून घ्यायचे, पण ते असो.

“वहिनी, चहा नको,” मी आतून डोकावणाऱ्या सरांच्या बायकोला, त्रिशलावहिनींना सांगितलं. “अर्ध्या तासात निघायचंय मला.”

“घ्या की ओ. ह्यांनी चार दिस झाले, त्या मशीनपुढनं उठलं न्हाईत,” वहिनी म्हणाल्या. “ती मावशी आणि हे. मला कोण विचारतंय हितं?”

मावशी म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज. कोरडा, इंग्रजी वळणाचा, नाकातला. कर्सर जिथे जाईल तिथलं ती बोलायची, न थकता, न थांबता. मगदूम सरांचा सगळा कॉम्प्युटर म्हणजे ती होती. ती बोलत असली तर यंत्र चालू, गप्प असली तर समोर नुसता पत्र्याचा डबा. आणि हे सगळं शेपूट त्या मावशीपायीच लागलं होतं. शाळेच्या मशीनवर त्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती, पण तिच्यात बटणांना नावं दिलेली नव्हती. मावशी प्रत्येक बटणावर नुसतं ‘बटण, बटण, बटण’ म्हणायची. नव्या आवृत्तीत कुणा भल्या माणसाने नावं घातली होती, पण ती आयती मिळत नव्हती. मूळ कोड उतरवून मशीनकडून तयार करून घ्यायचा, म्हणजे कंपाइल करायचा. शिधा मिळतो, स्वयंपाक आपण करायचा, असला प्रकार.

मी पहिली कमांड दिली आणि मावशी सुरू झाली. प्रत्येक ओळ, प्रत्येक टिंब, प्रत्येक स्वल्पविराम. माझ्या कानाशी, माझ्या टायपिंगच्या मागोमाग.

“हिला आधी गप्प करा,” मी म्हटलं.

“मग मला कळायचं न्हाई काय चाललंय ते.”

“तुम्हाला कळून काय करायचंय? मला कळलं म्हणजे झालं.”

मी मावशीला बंद केलं. सर मांडीवर हात ठेवून बसले, बँकेत नंबराची वाट बघत बसतात तसे.

कंपाइल सुरू झालं, ओळी धावल्या आणि तांबड्या अक्षरांत कोसळल्या. मी शेवटची ओळ बघितली. आम्ही हुशार लोक नेहमी शेवटची ओळच बघतो, कारण थांबल्यावर तीच डोळ्यांसमोर असते. तिच्यावरून मी ठरवलं की कंपाइलर जुना आहे. तो बदलण्यात पाऊण तास गेला, कारण मिरजेचं इंटरनेट. पुन्हा चालवलं, पुन्हा कोसळलं. मग मी ठरवलं की उतरवलेला कोडच अर्धवट आहे. तो पुन्हा उतरवला. पुन्हा तेच. मग मी शाळेला नावं ठेवली, हे मशीन ज्याने विकलं त्याला ठेवली, आणि कुठल्यातरी तिसऱ्याच फाईलमध्ये शिरून खाडाखोड करत बसले.

चार वाजले. चहा आला, निवला, वहिनींनी तो नेऊन पुन्हा गरम करून आणला.

“मॅडम, रागावू नका,” सर म्हणाले. “पेटीचा भाता फाटला की सगळेच सूर रडतात. ते एकेक घासत बसून काय उपयोग? त्या चारशे ओळी मी अकरा वेळा ऐकल्यात. पहिली सोडली तर बाकीच्या सगळ्या तिच्याच पोरी आहेत.”

“कंपाइलर म्हणजे पेटी नव्हे, सर.”

“न्हाई, न्हाईच. तुम्ही म्हणता ते बरोबर.”

ते ज्या पद्धतीने ‘बरोबर’ म्हणाले ना, त्याने माझं डोकं आणखी फिरलं. दहा मिनिटं मी काहीबाही टाईप केलं. मग त्यांना दिसत नाही याचा फायदा घेऊन गुपचूप वरपर्यंत गेले आणि पहिली ओळ वाचली. टोनब्रिजची एक फाईल सापडत नव्हती. बस्स. तेवढी आणून ठेवली असती तर सगळं सरळ झालं असतं. बुधवारी त्यांच्या मेलची पहिली ओळ वाचली असती तर घरबसल्या एका वाक्यात सांगता आलं असतं.

तेवढीच फाईल आणून मी थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण दोन तास झक मारल्यावर, एका पेटीमास्तराने सांगितलेली एक फाईल बसवून उठायचं? मी अख्खा टोनब्रिज बसवला. तो आवाजाची सगळी सूत्रं स्वतःच्या हातात घेणारा प्रोग्रॅम होता, मोठ्या स्टुडिओत वापरतात तसला. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की साऊंडकार्ड, म्हणजे मशीनचा आवाज ज्यातून आत-बाहेर जातो तो भाग, पूर्णपणे त्याच्या ताब्यात, अशी मांडणी करून दिली. मग कंपाइल केलं. सहा मिनिटांत एकही तांबडं अक्षर न येता काम झालं.

“झालं,” मी म्हटलं. “कंपाइलरचाच घोळ होता.”

“असंल,” सर म्हणाले. चेहरा मात्र उजळला होता. “वाजवून बघू?”

त्यांनी पेटी ओढली, मी माऊसने रेकॉर्डचं बटण दाबलं. त्यांनी यमनचे चार सूर लावले. स्क्रीनवर हिरव्या पट्ट्या नाचल्या, आणि परत लावल्यावर तो यमन इतका स्वच्छ ऐकू आला की वहिनी हात पुसत बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

“मावशी बोलंल न्हवं ह्याच्यात?” सरांनी विचारलं.

“बोलेल हो.”

“न्हाई, टोनब्रिज आला की साऊंडकार्ड दुसऱ्या कुणाला देत न्हाई, असं आम्हा न दिसणाऱ्यांच्या एका मेलिंग लिस्टवर आलं होतं. म्हणून म्हटलं.”

“कुठल्याही लिस्टवर कोणीही काहीही लिहितं.”

“तेही खरंय. मला दहा मिनिटं एकट्याला बसू द्या मॅडम. एकदा उघडून, रेकॉर्ड करून, बंद करतो. हात बसला म्हणजे उद्याची काळजी न्हाई.”

मी घड्याळ बघितलं. सहा वाजत आले होते. तेवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या, “दिस मावळाय लागलाय. जेवून घ्या आधी, मॅडमचं पण पान वाढलंय.” जैनाचं घर, सूर्यास्तानंतर जेवण नाही. मला आयतं कारण मिळालं.

“तुम्ही जेवा, वेळ चुकवू नका,” मी म्हटलं. “मशीन मी घेऊन जाते, सकाळी शाळेत जोडून ठेवते. तुम्ही उद्या नुसते येऊन बसा.”

“दहाच मिनिटं ओ.”

“सर, मी केलेलं काम पुन्हा तपासावं लागत नाही.”

हे मी म्हटलं. शब्दन् शब्द आठवतो. वहिनींनी सीपीयू जुन्या साडीत गुंडाळून दिला, तो मी ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवला आणि वाढलेल्या पानाकडे न बघता निघाले.

सोमवारी साडेनऊला मी शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत मशीन जोडलं. मावशीला पुन्हा चालू केलं. सुरू होताना ती नाकातून काहीतरी म्हणाली, म्हणजे जिवंत होती. मग तिच्या कटकटीतून सुटका म्हणून स्पीकरचा आवाज बारीक केला, सॉफ्टवेअर उघडून माईकवर बोलले, पट्ट्या नाचल्या. बंद केलं, आवाज पुन्हा मोठा केला आणि समाधानाने दारापाशी जाऊन उभी राहिले.

कोल्हापूरचे उमेदवार आधी झाले. बरे वाजवायचे. माऊस मात्र टाळ धरल्यासारखा धरत होते. दोन ट्रॅक कसेबसे जमवले. आरगे मान डोलवत होते, आणि त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूचे दोन सदस्य आरगे डोलतील तेव्हा डोलत होते.

मग मगदूम सर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वहिनींच्या खांद्यावर हात. वहिनींना दाराबाहेर थांबायला सांगितलं, कारण मदत चालणार नव्हती. सर खुर्ची चाचपून बसले, कीबोर्डवर बोटं ठेवली. मावशी बोलू लागली. ती सांगेल तसे ते झपाझप पुढे गेले, आणि आरगेंनी भुवया वर केल्या.

“वा,” ते म्हणाले. “बोलतंय की हे.”

सरांनी सॉफ्टवेअर उघडलं, आणि मावशी एका शब्दाच्या मध्यात बंद पडली.

सरांनी एक कळ दाबली. थांबले. पुन्हा दाबली. मान थोडी तिरकी करून स्पीकरकडे नेली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

दारात उभ्या उभ्या मला दोन सेकंदांत कळलं. साऊंडकार्ड टोनब्रिजने घेतलं होतं. मीच दिलं होतं. सेटिंगमधली एक ओळ बदलायची, एका मिनिटाचं काम.

“साहेब, मावशी बोलंना,” सर म्हणाले.

“कोण मावशी?”

“हे वाचून दाखवणारी. तिच्याशिवाय मला काय उघडलंय ते कळत न्हाई.”

आरगे पुढे वाकून स्क्रीन बघायला लागले. ते बोलत होते तशा हिरव्या पट्ट्या नाचत होत्या. “इथे तर सगळं चालू दिसतंय,” ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “देशिंगकर मॅडम, तुम्ही तज्ज्ञ आहात. मशीनमध्ये काही बिघाड आहे का? असेल तर तसं सांगा, सरांचं आपण उद्या घेऊ. माणसावर अन्याय नको.”

आरगेंबद्दल मी आयुष्यभर वाईटच बोलत आले आहे, पण हे वाक्य ते बोलले होते हे सांगायला हवं. ते थांबले होते, दोघे सदस्य थांबले होते, आणि मगदूम सर कीबोर्डवर बोटं तशीच ठेवून थांबले होते. मला फक्त म्हणायचं होतं की माझ्याकडून एक सेटिंग चुकलं. आठवडाभर कॉलेजात कुजबुज झाली असती, एवढंच.

“मशीन व्यवस्थित आहे,” मी म्हटलं. “आज सकाळीच तपासलंय.”

“ऐकलंत ना सर?” आरगे म्हणाले. “करा सुरू.”

“बरं,” सर म्हणाले.

त्यांनी आठवणीवर सुरुवात केली. ओठांतल्या ओठांत मोजत, टॅबची कळ इतक्या वेळा, मग बाण, मग एंटर. कुठली कळ किती वेळा, हे त्यांनी चार दिवस जुन्या आवृत्तीवर पाठ केलं होतं. नव्यात बटणं दोन जागा पुढे सरकली होती. रेकॉर्डचं समजून त्यांनी दुसरंच काहीतरी दाबलं, पेटी पुढे ओढली आणि यमन सुरू केला.

ते उत्तम वाजवत होते. आणि रेकॉर्डचा लाल ठिपका लागलेला नव्हता. स्क्रीन आम्हा चौघांकडे होता. ट्रॅकच्या दोन रिकाम्या ओळी, वर शून्य मिनिटं शून्य सेकंद, आणि तो आकडा काही केल्या हलत नव्हता. एका सदस्याने आरगेंकडे बघितलं, आरगेंनी हाताने ‘राहू दे’ अशी खूण केली. मदत करायची नाही हा नियम होता. सरांनी आलाप संपवून बंदिश घेतली, अंतरा घेतला, सगळं साग्रसंगीत वाजवलं. मग मोजून कळा दाबल्या आणि दुसऱ्या ट्रॅकवर, म्हणजे त्यांच्या मते दुसऱ्या ट्रॅकवर, टेबलावर ठेका धरला. तोही पूर्ण. मी दारातून हलले नाही.

“झालं,” सर म्हणाले, आणि ऐकवण्याची कळ दाबली.

काहीच वाजलं नाही. त्यांनी पुन्हा दाबली.

“राहू द्या, सर,” आरगे उठत म्हणाले. आवाज चांगला मऊ होता, कसल्याही शिवीपेक्षा वाईट. “हात गोड आहे तुमचा. पण एकट्याने जमत नाही हे दिसतंय. चला, चहा घेऊ.”

ते तिघे शेजारच्या खोलीत गेले. कपबशा वाजायला लागल्या. मगदूम सर खुर्चीतून उठले नाहीत.

“मॅडम आहात?”

“आहे.”

“मशीन संध्याकाळी घरी येईल. त्याआधी मावशीला तेवढं परत आणून देता?”

मी जवळ गेले, उभ्यानेच कीबोर्ड ओढला, ती एक ओळ बदलली, सॉफ्टवेअर बंद करून सरांचीच फाईल पुन्हा उघडली. मावशी लगेच बोलली, काही झालंच नव्हतं अशा थाटात. समोर जे होतं ते तिने वाचलं. ट्रॅक वन, एम्प्टी. ट्रॅक टू, एम्प्टी. झीरो मिनिट्स, झीरो सेकंड्स.

सरांनी ते ऐकलं. मग पुन्हा कळ दाबून दुसऱ्यांदा ऐकलं.

“म्हणजे मी वाजवत होतो तेव्हा हे तुम्हा सगळ्यांना दिसत होतं.”

“हो.”

“टोनब्रिजच ना?”

“हो,” मी म्हटलं. मग राहवेना म्हणून, आणि कुठेतरी दोष त्यांच्यावरही टाकता आला तर बरं म्हणून, विचारलं, “तुम्हाला तिथेच कळलं होतं?”

“मावशी थांबली तेव्हाच.”

“मग तुम्ही का नाही बोललात, सर?”

त्यांनी पेटीचा भाता हळूच मिटवला आणि खिटी लावली.

“विचारलं तुम्हाला होतं,” ते म्हणाले.

दारातून वहिनी आत आल्या. त्यांनी दोघांच्याही तोंडाकडे बघितलं. सरांचा हात आपल्या खांद्यावर घेतला, पेटी दुसऱ्या हातात घेतली. जाता जाता सर म्हणाले, “जमलं तर त्या लिस्टवर लिहा मॅडम, तुम्ही काय बदललं ते. माझ्यासारखा अजून कुणीतरी अडकला असंल.”

ते गेल्यावर मी वऱ्हांड्यात आले. चहाच्या खोलीचं दार डाव्या हाताला, सहा पावलांवर होतं आणि उघडं होतं. आरगे कशावर तरी हसत होते, कागदावर अजून सही झाली नव्हती. पेन त्यांच्या खिशाला तसंच अडकवलेलं मला दिसत होतं.

मी उजवीकडे वळले, ॲक्टिव्हा काढली आणि साडेबाराच्या आत कॉलेजात पोचले. इनबॉक्समध्ये कुणाची तरी मेल येऊन पडली होती, काहीतरी बसत नाही म्हणून, खाली लांबलचक एरर. मी उत्तर दिलं, नीट वाचा.